शून्य मागणीचा चौक

निघताना बायकोने बॅगेत चालायचे बूट टाकले. "समितीत बसून बसून पाठ धरेल. संध्याकाळी जरा चालत जा," म्हणाली. मस्कतमध्ये पहिले तीन दिवस ते बूट बॅगेतच राहिले. विमानतळावरून गाडीत, गाडीतून हॉटेलात, हॉटेलातून पुन्हा गाडीत आणि गाडीतून थेट तळघरातल्या पार्किंगमधून लिफ्टमध्ये. त्या शहरात माझे पाय रस्त्याला लागतील अशी सोयच कुणी ठेवली नव्हती.

मी पुण्याचा. सगळी नोकरी सिग्नलच्या वेळा बसवण्यात गेली. कुठल्या बाजूला किती सेकंद हिरवा ठेवायचा, चालणाऱ्याला कधी सोडायचं, हे ठरवणारा जो कंटाळवाणा माणूस कुठल्या तरी कार्यालयात बसलेला असतो, तो मी. निवृत्तीनंतर एके दिवशी मिलिंदचा फोन आला. हा पूर्वी माझ्या हाताखाली काम शिकलेला, मूळ नागपूरचा, आता मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या एका कंपनीत इंजिनियर. "सर, इथे सिग्नल सुधारणेची समिती बसतेय. बाहेरचा एक सदस्य पाहिजे. आठवडाभराचं काम आहे, या ना," म्हणाला. मी हुरळलो. समित्यांचा इतका अनुभव असूनही हुरळलो, याचा मला अजून राग येतो.

विमानतळावर मिलिंदच घ्यायला आला होता. रस्ते असे गुळगुळीत की टीकेला जागा नाही. एका बाजूला समुद्राचा अंदाज, दुसऱ्या बाजूला झाडाचं पानही नसलेले तपकिरी डोंगर, आणि मधे पांढऱ्या बुटक्या इमारतींची शिस्तशीर रांग. हॉर्न नाही, लेन मोडणं नाही. पहिल्याच सिग्नलला हिरवा दिवा विझण्याआधी लुकलुकला. मला फार कौतुक वाटलं. आधी इशारा, मग पिवळा, मग लाल!

"कौतुक नका करू सर," मिलिंद म्हणाला. "लुकलुकायला लागला की सगळे गाडी पळवतात."

दुसऱ्या दिवशी समिती. चौथ्या मजल्यावर लांबच लांब टेबल, पडदे ओढलेले, आणि गारठा इतका की मला मफलर आठवला. अध्यक्ष सालेम हे ओमानी गृहस्थ अत्यंत सभ्य. त्यांनी छातीवर हात ठेवून स्वागत केलं आणि लगेच खजूर आणि काहवा (वेलदोड्याची बिनदुधाची कॉफी) आला. इवलासा पेला रिकामा झाला की वाढणारा भरायचा. नको म्हणणं बरं दिसणार नाही म्हणून मी पीत राहिलो. सातव्या पेल्याला मिलिंद कानाशी कुजबुजला, "सर, पुरे असेल तर पेला हलवायचा असतो." तोवर माझ्या छातीत धडधडायला लागलं होतं.

त्या धडधडीत मी जी चर्चा ऐकली, ती अशी: दुभाजकावर उभ्या असलेल्या माणसाला पादचारी म्हणावं का? कारण तो चालत नसतो, उभा असतो. जेवणाची सुट्टी होईपर्यंत हेच चाललं होतं. जेवणाला मशुई (अख्खी भाजलेली सुरमई) आणि लिंबाचा भात होता, तो मात्र उत्तम होता. जेवणानंतर पुन्हा तोच विषय. संध्याकाळी ठराव झाला की या विषयावर उपसमिती नेमावी.

मुख्य काम होतं चौक क्रमांक नऊचं. हा चौक आमच्या इमारतीच्या अगदी खाली, खिडकीतून दिसणारा. आकडेवारी सांभाळणारे अश्रफ हे इजिप्तचे गृहस्थ. त्यांनी पडद्यावर तक्ता दाखवला. चालणाऱ्या माणसाला रस्ता ओलांडायचा असेल तर खांबावरचं बटन दाबायचं. दाबलं की यंत्रात नोंद होते. या नोंदीला आमच्या धंद्यात 'मागणी' म्हणतात. चौक नऊवर मागणी शून्य. वर्षभर शून्य. सबब तिथलं ओलांडण्याचं ठिकाण बंद करावं, दुभाजकावर रेलिंग लावावं आणि वाचलेला वेळ गाड्यांना द्यावा. ज्याला ओलांडायचंच असेल त्याने पुढच्या पुलावर जावं. पूल किती लांब आहे हे मी विचारलं.

"गाडीने दोन मिनिटं," अश्रफ म्हणाले.

तिसऱ्या दिवशी जागेची पाहणी. चौक खिडकीखाली, फार तर पाचशे पावलांवर. आम्ही मिनीबसने गेलो. वळायला जागा नसल्यामुळे बस आधी उलट्या दिशेला गेली, एका गोल चौकाला वळसा घालून परत आली आणि एकदा चुकीच्या फाट्यालाही लागली. पोचायला पंचवीस मिनिटं लागली. ऐन दुपारची वेळ. कुणी खाली उतरलं नाही. अश्रफनी काचेवर बोट टेकवलं. "बघा. एक माणूस आहे का?"

नव्हता. त्या उन्हात कुत्रंही नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बस पुन्हा पंचवीस मिनिटांच्या वाटेला लागली. मला इतका वैताग आला की मी खिडकीकडे तोंड करून मराठीत पुटपुटत राहिलो.

रात्री जेवायला मिलिंदच्या घरी, अल् घुब्रात. भाड्याचा पण टापटीप फ्लॅट, भिंतीवर बुद्धांची तसबीर. त्याच्या बायकोने, प्रज्ञाने, खास माझ्यासाठी वरण-भात आणि वांग्याची भाजी केली होती. मी तावातावाने मिनीबसची हकीकत सांगितली. त्यांची दहा वर्षांची आर्या लक्ष देऊन ऐकत होती. शब्द जुळवत म्हणाली, "आजोबा, पण इथे कोणी वॉक करत नाही. आमच्या क्लासमध्ये पण कोणी... चालून येत नाही."

"बघा सर," मिलिंद हसला, "अश्रफची बाजू मजबूत झाली. जाऊ द्या ना, काऊन जीवाला लावून घेता?"

चौथ्या दिवशी मी बूट बाहेर काढले. समिती साडेदहाला भरणार होती. नऊ वाजता मी चौकात जाऊन उभा राहिलो. ऊन तेव्हाच डोक्यावर आल्यासारखं. खांबावरचं लोखंडी बटन दाबलं आणि हात झटकत मागे आलो. बोट चांगलंच पोळलं. मग रुमाल गुंडाळून दाबलं आणि थांबलो. गाड्या गेल्या. पुन्हा दाबलं. चालणाऱ्या माणसाचा हिरवा दिवा काही लागेना. एवढी वर्षं मी या दिव्यांवर पोट भरलं, आणि एक दिवा माझं ऐकत नव्हता. मी त्या खांबाला पुणेरी शब्दांत काय वाटेल ते बोललो.

"साहेब, तां बटन दाबू नकात," मागून आवाज आला. "बोट भाजात. आणि चलना पण नाय तां."

वळून बघतो तर पन्नाशीचा एक काटकुळा माणूस. दोन्ही हातांत हँगर, हँगरांवर कडक इस्त्रीचे पांढरेशुभ्र डिशडाशे (ओमानी पुरुषांचे पायघोळ झगे), वर प्लास्टिक.

"मी मराठी आहे हे कसं ओळखलंत?"

"तुमी शिव्यो मराठीत घालीत होतास ना!"

त्यांचं नाव वसंत, गाव कुडाळजवळचं. रस्त्यापलीकडच्या लाँड्रीत इस्त्रीला. दिवसातून पाच-सहा वेळा कपडे घेऊन हा रस्ता ओलांडायचा. राहायची खोलीही याच बाजूला, त्यामुळे जेवायला-झोपायला यायचं म्हटलं तरी हाच रस्ता.

"बटन कधीपासून बंद आहे?"

"मी इलंय तेवापासून. तीन वर्सां झाली."

"मग तक्रार नाही केलीत?"

"कोणाकडे करतलंय?" ते हसले. "अर्बाबाक (दुकानाच्या मालकाला) सांगलंय तर तो म्हणतलो, रस्तो तुझ्या बापाशीचो काय? साहेब, मी हय इस्त्री करूक इलंय. मागण्यो करूक नाय."

तो शब्द मला चांगलाच लागला. मग विचारलं, ओलांडता कसं? गाड्या लाल दिव्याला थांबल्या की पळायचं, एवढीच पद्धत. उजवीकडे वळणाऱ्या गाड्या थांबत नाहीत, त्यांच्याकडे आपणच बघायचं. सगळे हँगर एका हातात घेऊन त्यांनी बाही वर सारली आणि कोपर दाखवलं. लांबलचक व्रण होता. "गेल्या रमजानात एका गाडयेचो आरसो लागलो. सगळे झगे मातयेत पडले. धा झगे परत धुवूक लागले." झग्यांचं त्यांना अजून वाईट वाटत होतं. कोपराबद्दल ते एवढंच बोलले.

तेवढ्यात दिवा बदलला. "यल्ला!" म्हणून ते पळत सुटले, मीही त्यांच्यामागे. अर्ध्यात मला धाप लागली आणि एक गाडी माझ्या बुटांच्या पुढून गेली. पलीकडे पोचल्यावर मी एका हँगरवरची चिठ्ठी वाचली. तिच्यावर आमच्याच इमारतीचं नाव होतं, मजला चौथा. मला वाटलं आपण चुकीचं वाचतोय. वसंतना विचारलं. "होय तर," ते म्हणाले. "हिशोबाची वही हय दुकानातच रवली, ती घेवन परत उलट जातलंय. वरच्या साहेबांचेच हत ते."

म्हणजे समितीतल्या माणसांचे कपडे रोज चौक नऊ ओलांडत होते, आणि समिती म्हणत होती की तिथून कोणी जात नाही.

सभेत मी उभा राहिलो. बटन मेलेलं आहे, म्हणून मागणी शून्य आहे, असं सांगितलं.

"बटनाची दुरुस्ती दुसऱ्या खात्याकडे आहे," अश्रफ शांतपणे म्हणाले. "आपल्या विषयपत्रिकेत नाही."

"पण माणसं जातात हो तिथून! मी आत्ता त्यांच्याबरोबर पळून आलोय!"

"ती नियम मोडून जातात. नियम मोडणाऱ्यांची मोजणी आमच्या पद्धतीत बसत नाही."

माझा तोल गेला. मी सरळ उठून खिडकीचा पडदा ओढला. असं पाहुण्याने करायचं नसतं, मिलिंदचा चेहरा पांढरा पडला. पण सालेम उठले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दहा मिनिटं बघू." दहा मिनिटं होण्याआधी ओलांडणारी माणसं मोजता मोजता माझ्या दोन्ही हातांची बोटं संपली. मग लाँड्रीतून वसंत निघाले. हँगर उंच धरून दुभाजकावर थांबले, वळणाऱ्या दोन गाड्या जाऊ दिल्या आणि पळत अलीकडे आले.

"ते काय आहे त्याच्या हातात?" सालेमनी विचारलं.

"तुमचे डिशडाशे. चौथा मजला," मी म्हणालो.

सालेमनी स्वतःच्या कडक बाहीकडे पाहिलं.

निर्णय झाला: बटन दुरुस्त करायचं, वेळ वाढवायचा, महिनाभर मोजायचं. मागणी दिसली तर ठिकाण राहील, नाहीतर रेलिंग. इन्शाल्ला. किती सेकंद द्यायचे हे मी बसल्या बसल्या मांडून दिलं, दोन्ही हात भरलेल्या पन्नाशीच्या माणसाला सावकाश चालता येईल असे. तरी चिडचिड गेली नाही. ज्याला आरसा लागला, त्यानेच आपण आहोत हे अजून सिद्ध करायचं होतं.

संध्याकाळी वसंतना गाठून त्यांचा फोन नंबर घेतला आणि बजावलं. बटन सुरू झालं की दर वेळी दाबायचं. सगळ्यांना सांगायचं. नाही दाबलंत तर इथे रेलिंग येईल आणि पुलापर्यंत चालत जावं लागेल.

"दाबलंय काय सगळ्यो गाडयो थांबतल्यो?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या."

"माझ्या एकट्यासाठी?" त्यांचा चेहरा पडला. "नको हो साहेब. लोकांका कामां असतत."

समितीवर मी इतका चिडलो नसेन. "आणि तुम्हाला काम नाही का?" मी भर रस्त्यात ओरडलो. ते ओशाळून हसले, पण दाबीन असं काही म्हणाले नाहीत.

परतीच्या विमानात झोप आली नाही. 'पादचाऱ्यांची मागणी नगण्य' हे वाक्य मी स्वतः किती अहवालांत लिहिलं असेल. मोजणीचा कागद टेबलावर यायचा, मी सही करायचो. त्यातल्या एकाही चौकात मी उभा राहिलो नव्हतो. अश्रफला नावं ठेवत मी आठवडा काढला, आणि तो बिचारा माझंच काम माझ्यासारखं करत होता. मला लाज वाटली, आणि ती पुण्यात उतरल्यावरही गेली नाही.

दीड महिन्याने मिलिंदचा फोन आला. तीन पत्रं गेल्यावर बटन दुरुस्त झालं. मोजणीत मागणी भरपूर निघाली आणि रेलिंगचा विषय खलास झाला. पाठोपाठ त्याने समितीच्या त्याच खिडकीतून काढलेला व्हिडिओ पाठवला. वसंत दोन्ही हातांत हँगर घेऊन येतात, इकडे-तिकडे बघतात, बटन कोपराने दाबतात. हिरवा दिवा लागतो. सगळ्या गाड्या थांबतात, उजवीकडे वळणाऱ्यासुद्धा. रस्ता पूर्ण मोकळा. आणि वसंत मान खाली घालून जीव खाऊन पळत सुटतात.

मी लगेच त्यांना फोन लावला. "अहो, पळता कशाला? तो सगळा वेळ तुमचा आहे. मी मोजून दिलाय!"

"होय हो साहेब," ते म्हणाले. "पण येवढे सगळे थांबान रवलेत. मी आपलो चलत गेलंय तर बरा दिसता काय?"