उजवा कौल

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका देवाला कामाला लावणारा माणूस सबंध रत्नागिरी तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. आरे-वारेच्या रस्त्यावरच्या त्यांच्या गावात देवाला कौल लावायची पद्धत आहे. मूर्तीला पाण्याने कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा; उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाव एखादी मोठी अडचण आली तरच देवाला तसदी देतं. मामांना स्कूटर निळी घ्यावी की काळी, आंब्यावर आज फवारावं की उद्या, मोबाइलचं सिम बदलावं का, सगळ्यालाच कौल हवा. दाढ काढण्याबद्दल विचारलं तेव्हा डावी कळी पडली. दाताच्या डॉक्टरची मनातून भीती, म्हणून तो नकार मामांनी लगेच मानला आणि सुजलेला गाल धरून आठवडाभर पेज पीत बसले. एरवी नको ते उत्तर आलं की प्रश्न नीट मांडला नाही म्हणून गुरवाला पुन्हा कळ्या लावायला सांगत. असल्या भक्ताला देव तरी काय करणार?

गाऱ्हाणं मात्र मामांनीच घालावं. खणखणीत आवाजात ते "बा देवा महाराजा, लेकराचं चुकलंमाकलं पदरात घे" म्हणाले की मुंबईहून आलेले चाकरमानीही डोळे पुसत. तेच मामा देवळाच्या पायऱ्या उतरले की सख्ख्या धाकट्या भावाच्या दारावरून मान फिरवून जात. दोघांच्या आवारांमधला चिऱ्यांचा गडगा धाकट्याने हातभर सरकवून बांधला होता, एवढंच कारण. मला या माणसाचा राग यायचा, आणि त्यांच्या हातची आंबोळी खाताना तो विसरायलाही व्हायचा.

गेल्या पावसाळ्यात धाकट्या मामांना हृदयविकाराचा झटका आला. बायको वारल्यापासून ते एकटेच. शहरातल्या इस्पितळात मी भेटायला गेलो की ते दाराकडे बघत आणि दादा आला का, एवढंच विचारत. मी ते थोरल्यांच्या कानावर घातलं. त्यांनी तातडीने भावासाठी अभिषेक केला, नारळ फोडले, माझ्याबरोबर अंगारा धाडला. स्वतः चला म्हटलं, तर देवाला विचारतो म्हणाले. दमट हवेत कळ्या मूर्तीला चिकटून बसल्या त्या बसल्याच. दुसऱ्या दिवशीही तेच.

"मामा, भावाला भेटू नको असं कुठला देव सांगेल?" मी वैतागून म्हणालो.

"जावईबापू, त्याच्या हुकमाशिवाय मी पाऊल उचललेलं नाही."

शेवटी म्हातारा गुरवच कंटाळला. "काका, कळी ओली हाय, ती पडायची नाय. तुमी जाऊन या."

मामा हलले नाहीत. पुढच्या सकाळी उजवी कळी पडली. मी गाडी सुरू केली, तर मामा म्हणाले, राहुकाळ संपू दे. मी अंगणात गाडीत बसून नुसता हॉर्न वाजवत राहिलो.

आम्ही पोचलो तेव्हा धाकट्या मामांच्या तोंडावर चादर ओढलेली होती. मामा येताना आणलेली अंगाऱ्याची पुडी हातात घेऊन खाटेजवळ उभे राहिले. देवळात तासभर न अडखळणारा हा माणूस, त्याच्या तोंडून "बाळ्या, चुकलो रे" एवढंच निघालं, तेही शेजारच्या खाटेपर्यंत पोचलं नाही. वाटेत त्यांना सुनावायचं म्हणून मी काय काय ठरवलं होतं. ते सगळं सोडून मी त्यांना बसायला स्टूल ओढलं.

परवा गेलो तेव्हा गडग्याचे चिरे माणूस जाण्याइतके उतरवलेले दिसले. मामांनी ते स्वतःच्या हाताने काढलेत. थोरल्या मामी म्हणाल्या, या कामाला ते देवाला विचारायला गेले नाहीत. रोज संध्याकाळी त्या वाटेने पलीकडे जातात, भावाच्या तुळशीपुढे दिवा लावतात आणि बंद दाराशी थोडा वेळ बसून परत येतात.