अंधाऱ्या खोलीतली तीन कडवी

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, मार्गशीर्षातल्या एका दुपारी, माझे काका भाताची पोती ठेवायच्या खोलीत पोटावर दगड ठेवून निजले. एकादशी चार दिवसांवर होती.

आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं मराठी. एकादशीला कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरच्या भजनात आमच्या पूर्वजांचं पाच कडव्यांचं मराठी पद काकांनी म्हणायचं, असा रिवाज होता. पद कुठे लिहिलेलं नव्हतं. आश्विनातल्या तापानंतर त्यांना दोनच कडवी आठवत होती, आणि ते पद येणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

मी तेव्हा कुंभकोणमच्या कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकत होते. अभ्यासाला केल्टिक बार्डांवर, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या गायक-कवींवर, एक धडा होता. तो मी वाचून काकांना मराठीत सांगे. त्या बार्डांचे शिष्य भरदिवसा खिडक्या लावून अंधारात निजत. डोक्याला कापड, पोटावर दगड. शब्द मनात पुरे जुळल्यावरच दिवा येई.

काका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी एवढंच विचारलं, "दगड केवढा?"

ते पुस्तकात नव्हतं. काकूंनी वरवंटा द्यायला साफ नकार दिला.

"तुम्ही कवी व्हाल. मी चटणी कशानं वाटू?"

शेवटी दाराला लावायचा दगड घेतला.

तीन दुपारी असं चाललं. मी वही घेऊन दाराबाहेर बसे. आतून भाताचा, सुक्या हळदीचा वास येई. पलीकडच्या गल्लीतले रेशमाचे माग वाजत, थांबत, पुन्हा वाजत. काकांचं पुटपुटणं त्यांत मिसळून जाई. डोळा लागला की धड्यातला समुद्र दिसे. आयर्लंडच्या दंतकथेतला पहिला कवी किनाऱ्यावर उतरून वाऱ्याला काही सांगत असे, आणि त्याची भाषा आमच्या घरातली असे.

तिसऱ्या दिवशी काका तीन कडवी घेऊन बाहेर आले. मी ती लिहून घेतली.

संध्याकाळी धड्याचा उरलेला भाग वाचला. अंधारी खोली नवी कविता रचण्यासाठी होती, जुनी आठवण्यासाठी नव्हे. आणि दंतकथेतल्या कवींच्या तोंडी असलेली त्यांच्या गेलिक भाषेतली पुष्कळ कविता शेकडो वर्षांनंतरच्या कवींनी रचलेली होती. मी ते काकांना सांगितलं.

"म्हणजे हे मला आठवलं की सुचलं?"

"चाल तीच आहे ना?" काकूंनी विचारलं.

"चाल तीच. पण माझं असलं तर पूर्वजांच्या नावावर कसं खपवू?"



एकादशीला काकांनी दोन कडवी म्हटली आणि हात वर करून झांजा थांबवल्या. पुढची तीन भाताच्या खोलीत मिळाली, ती कोणाची हे ठाऊक नाही, असं त्यांनी तमिळमध्ये सर्वांना सांगितलं. मग ती तीन म्हटली. मागे बसलेल्यांनी प्रत्येक ओळ उचलली.