परत फेकलेला बॉल

बर्वे माणसाचं नाव घ्यायच्या आधी त्याची चूक सांगत. "रिपोर्टमध्ये तारीख चुकली आहे, देशपांडे. गुड मॉर्निंग." ओहायोतल्या डब्लिनमध्ये चार वर्षं ते माझे मॅनेजर होते आणि त्या चार वर्षांत माझी एकही सकाळ गुड झाली नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. बर्वे जिवंत आहेत, पुण्यात आहेत, तेव्हा मी बोलणार.

उंच, किडकिडीत बांधा. बाहेर भट्टी पेटलेली असली तरी फुलशर्टच्या बाह्यांची बटणं लावलेली. "मी नियमाचा माणूस आहे," हे त्यांचं पालुपद. आमच्या टीममधल्या वेंकटला मुलगा झाला तेव्हा तो बिचारा पेढे घेऊन गेला, तर म्हणाले, "डेस्कवर खाणं अलाऊड नाही. किचनमध्ये ठेव. काँग्रॅच्युलेशन्स." पेढा मात्र किचनमध्ये जाऊन खाल्लाच!

२००२ च्या जुलैत ऑफिसची सहल बेसबॉलच्या मैदानावर गेली. छोटी लीग, गावातलंच मैदान. आमच्या टीममधून एकाला काढणार हे सगळ्यांना माहीत होतं. मी किंवा वेंकट. नाव बर्वे सोमवारी देणार होते. मी व्हिसावर, नवरा माझ्या जिवावर, ग्रीन कार्डाची फाईल अर्ध्यावर. नोकरी गेली की बिऱ्हाड उचलायचं. म्हणून त्या शनिवारी मी शहाण्या मुलीसारखी वागायचं ठरवलं होतं.

गेटवरच माशी शिंकली. पहाटे उठून सगळ्यांसाठी कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या होत्या. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, असं गेटवरचा माणूस म्हणाला. मी आशेनं बर्वेंकडे बघितलं. "मेलमध्ये लिहिलं होतं. वाचता येतं ना?" चाळीस वड्या माझ्या हातानं कचऱ्यात टाकल्या. अस्सा संताप आला म्हणून सांगू!

आत पत्र्याचे बाक नुसते तापले होते. एका बाजूला बर्वे, मागच्या रांगेत अमेरिकन बडे साहेब. बर्वे ओला रुमाल डोक्यावर टाकून मला बेसबॉल कसा निकृष्ट खेळ आहे ते सांगत होते. इतक्यात बॅटला चाटून एक बॉल उडाला तो थेट आमच्या अंगावर. नागपूरला कॉलेजच्या टीममध्ये मी स्लिपला उभी राहायची. उजवा हात आपोआप वर गेला आणि बॉल तळव्यात बसला. टाळ्या, शिट्ट्या! आणि मी काय करावं? लहानपणापासूनची सवय. बॉल प्रेक्षकांत आला की मैदानात परत द्यायचा. दिला फेकून, सरळ खेळाडूच्या हातात.

सगळं मैदान "बूऽऽ" करून ओरडलं. इथे आलेला बॉल घरी नेतात, लोक त्यासाठी जन्मभर वाट बघतात, हे मला कुठे ठाऊक? साहेब पोट धरून हसले. बर्वे हसले नाहीत. "हातात आलेलं इथे परत करायचं नसतं, बाई. एवढंही कळत नाही?"

सोमवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुमचं नाव दिलंय. काम तुमचं आणि वेंकटचं सारखंच. पण जो हातचं सोडून देतो, त्याच्या हातात मी सिस्टिम कशी देऊ?" मला माणूस मस्करी करतोय असं वाटलं. बर्वे मस्करी करत नसत.

सामान बांधून झालं होतं तेव्हा पाचव्या आठवड्यात दुसरी नोकरी मिळाली. ग्रीन कार्ड पुन्हा पहिल्यापासून. त्यातच बाबा गेले. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला, मी भारतात गेले असते तर परत येण्याची खात्री नव्हती. अग्नी दिला तेव्हा मी इथे फोन कानाला लावून बसले होते. ते मी बर्वेंच्या नावावर लिहून ठेवलंय आणि कधी पुसणार नाही.

२००८ मध्ये फोन आला. "देशपांडे, बर्वे बोलतोय." चुकीच्या आधी नाव! त्यांची नोकरी गेली होती. वय पंचावन्न, कुणी दारात उभं करेना. माझ्या टीममध्ये एक जागा होती. "रेझ्युमे पाठवलाय. वर द्याल का?" मी म्हटलं, बघते.

रेझ्युमे उत्तम होता. त्या जागेला याच्याहून योग्य माणूस मिळाला नसता, हे मला पहिल्याच पानाला कळलं. मी तो प्रिंट केला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला.

दीड महिन्यानं पुन्हा फोन. घर विकलं, पुण्याला परत निघालोय म्हणाले. मी म्हटलं, "वरून काही उत्तरच आलं नाही हो." ड्रॉवर उघडाच होता, रेझ्युमेवर माझा हात होता.

"असू दे, बाई. तुम्ही प्रयत्न केलात. थँक यू."

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाची ही एकच चूक माझ्या हाती लागली, आणि ती मी दुरुस्त केली नाही.