नाकापर्यंतचा ग्लास

भाच्याची जीभ घसरली ती फोनवर. पलीकडून एक हॉटेलवाला विचारत होता, की ही चॉकलेटच्या चवीची गव्हाची बिअर म्हणजे नेमकं काय प्रकरण आहे, आणि लोक ती पितील का. भाच्यानं छाती फुगवून सांगून टाकलं, "अहो, आमचे मामा स्वतः ग्लासभर पिऊन बघतात. त्याशिवाय थेंब बाहेर जात नाही."

"मग शुक्रवारी येतो," हॉटेलवाला म्हणाला. "माझ्यासमोर पिऊ देत त्यांना. मागच्या बिअरवाल्यानं माझ्या गळ्यात मारली ती त्यानं स्वतः कधी तोंडाला लावली नव्हती. बनवणारा पितो तेच मी घेतो."

फोन ठेवला तेव्हा कुठं भाच्याला कळलं, आपण काय बोलून बसलो. कारण मामा पीत नव्हता. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा त्यानं सोडली, आणि आता ती मुलगी दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत होती. सोडण्याआधीच्या वर्षांचा विषय घरात कुणी काढत नसे. भाच्याच्या आईनं त्याला मामाच्या कारखान्यात चिकटवलं तेच मुळी पहारेकरी म्हणून. "शिकलास तेवढं पुरे," ती म्हणाली होती. "त्याच्याजवळ राहा. एक घोट आत गेला, की गेला माझा भाऊ."

दारू सोडलेला माणूस बिअर कशाला बनवतो, असं कुणी विचारलं की मामा म्हणायचा, "दुसरं काही येत नाही. आणि न्हावी काय दिवसभर स्वतःचेच केस कापतो?"

मामाचं सगळं काम नाकावर चालायचं. टाकीच्या नळाखाली ग्लास धरायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "अजून कच्ची आहे," नाहीतर "झाली." ग्लास नाकापर्यंत जायचा. त्याच्याखाली दोन बोटांवर तोंड होतं, तिथवर कधी पोचायचा नाही. चाखायचं काम भाच्याचं. त्याला कडू आणि फार कडू एवढंच कळायचं, आणि मामा त्याला 'मास्तर' म्हणायचा ते काही कौतुकानं नव्हे.

ही नवी बिअर मात्र नाकालाही दाद देईना. मामानं तिच्यात कोकोच्या बियांची भाजलेली टरफलं भिजत घातली होती. रंग गव्हाच्या बिअरचाच राहिला, फिकट आणि गढूळ. वास मात्र चॉकलेटचा, आणि त्याच्या मागून पिकल्या केळ्याचा. "डोळे एक म्हणतात, नाक दुसरंच," मामा पुटपुटला. "जीभ काय म्हणते कोण जाणे."

मामाच्या तोंडून जिभेचं नाव ऐकून भाचा टाकीचा नळ उगाच पुसत बसला. फोनचं मामाला आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता शुक्रवार उजाडला.

हॉटेलवाला आला, स्टुलावर बसला आणि थेट मुद्द्यावर आला. "तुमचा भाचा म्हणाला, तुम्ही ग्लासभर पिऊन बघता. होऊन जाऊ दे."

मामानं भाच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं पाहिलं, मग उठून दोन ग्लास भरले. एक पाहुण्यापुढे ठेवला, दुसरा स्वतः उचलला.

ग्लास नाकाशी गेला. डोळे मिटले. रोज श्वासभर थांबणारा ग्लास आज खाली येईना. मामाच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. ग्लासाची कड किंचित कलली, निदान भाच्याला तरी तसं वाटलं, आणि फेस वरच्या ओठाजवळ आला. भाच्याला आईचा चेहरा दिसला.

"ते पीत नाहीत," तो म्हणाला. आवाज चिरकला. "मी थाप मारली. त्यांनी सोडलीय. फार प्यायचे."

मामानं ग्लास टेबलावर ठेवला. "एवढं सगळं सांगायची गरज नव्हती, मास्तर," तो हळूच म्हणाला. "हुंगतच होतो मी."

हॉटेलवाल्यानं स्वतःचा ग्लास उचलून घोट घेतला, तोंडात घोळवला. "आधी चॉकलेट लागतं," तो म्हणाला, "आणि गिळलं की केळं. विचित्र आहे." आणखी एक घोट घेऊन तो उठला. भाचा त्याला गाडीपर्यंत पोचवायला गेला. गाडीचं दार उघडता उघडता हॉटेलवाला म्हणाला, "अर्धी टाकी पाठवा. खरं बोलायला उशीर केलात, पण बोललात." मग आवाज उतरवून, "पण मामांची सुटलीय ना नक्की?"

"हो, हो," भाचा म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याला टेबलावरचा भरलेला ग्लास आठवला. मामा आत एकटा होता.

तो पळत आत आला. मामा बेसिनपाशी पाठमोरा उभा होता. टेबलावर हॉटेलवाल्याचा ग्लास तसाच अर्धा होता. मामाचा ग्लास त्याच्या हातात होता, रिकामा.

"कुठं गेली?" भाच्यानं दारातूनच विचारलं.

"ओतली." मामा वळला. भाच्याकडे नीट बघून तो जवळ आला, अगदी जवळ, आणि तोंड उघडून उभा राहिला. "घे वास. तुझी आई घ्यायची रोज, दारातच."

नाही म्हणायचं होतं. मान वळवायची होती. पण भीती शहाणपणाच्या आधी पोचते. भाच्यानं मान पुढे केली आणि आपल्या मामाचं तोंड हुंगलं. सकाळच्या चहाचा वास होता. दुसरं काही नाही.

भाच्याच्या जिवात जीव आला, आणि लगेच मान खाली गेली. मामानं तोंड मिटलं, ग्लास विसळून पालथा घातला आणि अर्ध्या टाकीसाठी पिंपं धुवायला घेतली.

आईला भाच्यानं यातलं काही सांगितलं नाही. मामानंही नाही. भाचा मात्र रोज सकाळी माफी मागायची असं पक्कं ठरवून कारखान्यात येतो. मामा समोर आला, की तोंडातून एवढंच निघतं, "मामा, चहा सांगू?"

"सांग," मामा म्हणतो.