शुद्ध पाण्यात लागलेला दिवा

सकाळचे साडेदहा. जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेची प्रयोगशाळा. टेबलावर दोन पेले: एकात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात गावच्या नव्या आरओ प्लांटचं. विज्ञानाच्या गायकवाड बाई म्हणाल्या, "भाऊ, हे पाणी पोरांना पाजायचं का नाय, ते आज ठरवायचंय."

पेल्यांचं शेवटी सांगतो. बाईंकडे मी बातमी शोधायला जातो आणि किस्सा घेऊन परततो. बातम्या दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात, किस्से मात्र साठतच चाललेत!

*

पहिल्यांदा गेलो तेव्हा बाई गॅसवर दोन चमचे तापवत होत्या. साखर वितळली, तपकिरी झाली, जळाली. मीठ नुसतं तडतडलं आणि तसंच बसून राहिलं!

"लई हट्टी दिसतंय," मी म्हणालो.

"सोडियमनं इलेक्ट्रॉन दिला, क्लोरिननं घेतला. एक धन झाला, एक ऋण. आता सगळ्या बाजूंनी एकमेकांना धरून बसलेत. आठशे अंशांपर्यंत सोडत नाहीत!"

तीस वर्षं राजकारणाच्या बातम्या दिल्या. एवढी टिकलेली युती पाहिली नव्हती!

*

एकदा बाईंनी खडेमीठ हातोडीनं फोडायला लावलं. भिंगाखाली कण चौकोनी. पुन्हा फोडले. आणखी बारीक, तरी चौकोनी!

शिपाई तुकारामभाऊ माझ्या खांद्यावरून डोकावले. "एवढं बारीक घासत कोण बसलं व्हतं?"

"कुणी नाय, भाऊ," बाई म्हणाल्या. "आत सोडियम-क्लोरिनची रांगच तशी लागलीय."

तास संपला, तरी भिंग आम्हा दोघांपैकी कुणीच सोडेना.

*

राजुरीचे बबनराव टोमॅटोवाले तणतणत आले. "छापा, भाऊ! खतात चुना भरलाय!" कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच ड्रममध्ये टाकलं, पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि ठिबकच्या नळ्या तुंबल्या. दुकानदाराला सोलायचा मथळा माझ्या डोक्यात तयार होता!

बाईंनी दोन्ही खतं वेगवेगळ्या पेल्यांत विरघळवली. दोन्हीकडे नितळ पाणी. मग एकत्र ओतली. क्षणात पांढरं!

"कॅल्शियमला सल्फेट भेटलं. ही जोडी पाण्यात सहसा सुटत नाही. जिप्सम झालं. ड्रम दोन ठेवा, बबनराव."

बबनरावांनी पेला उचलून उजेडात धरला. "म्हंजी भेसळ आमीच केली व्हय?"

मी मथळा गिळला.

*

आता ते दोन पेले. बाईंचं यंत्र म्हणजे एक बॅटरी, एक चिमुकला एलईडी दिवा आणि पेन्सिलीची दोन शिसं. कोरड्या मिठात शिसं टेकवली: अंधार. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवली: अंधार. त्यातच चिमूटभर मीठ टाकलं आणि दिवा लखकन लागला! "पाण्यात आयन सुटे होतात, तेच वीज वाहतात," बाई म्हणाल्या. दहा वेळा पाहिलंय, दहाही वेळा अंगावर काटा आलाय.

विहिरीच्या पाण्यात दिवा लागला. प्लांटच्या पाण्यात जेमतेम मिणमिणायला हवा होता. तिथंही तेवढाच लखलखला!

"दिवा जंतू दाखवत नाही," बाई म्हणाल्या, "पण क्षार दाखवतो. इथं कुणी काढलेलेच नाहीत."

उद्घाटनाची बातमी मीच दिली होती. "शुद्ध पाणी" हे शब्दही माझेच! तळपायाची आग मस्तकात गेली. पेले घेऊन आम्ही थेट प्लांटवर गेलो.

"मशिन चालू हाय की, बाई!" ऑपरेटर म्हणाला. "आवाज येतोय न्हवं?"

"आवाज पोरं पीत नाहीत. क्षार अडवणारं मेंब्रेन ज्या नळीत असतं, ती उघडा."

त्यानं पाना लावला. दोन्ही टोकांची झाकणं निघाली.

नळीतून पलीकडची भिंत दिसत होती.

ती रिकामी नळी कुणी बसवली, हे मी गावात विचारलं, तालुक्याला विचारलं, ठेकेदाराला विचारलं. अजून एकानंही उत्तर दिलेलं नाही.