काजलची शिदोरी

नालवाडीत कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, की मंडपवाल्याच्याही आधी मंदाबाईंना निरोप जायचा. नवरीबरोबर सासरी जाणारी शिदोरी भरावी ती त्यांनीच. जड लाडू तळाशी, त्यावर अनारसे, करंज्या सगळ्यांत वर, आणि वरून धुतलेलं सुती फडकं घट्ट बांधलेलं. टोपली कितीही लांब जावो, करंजीचं टोक मोडत नसे. मंदाबाईंना याचा गर्व होता आणि तो त्या लपवतही नसत.

मग त्यांच्या धाकट्या जावेनं, शालूनं, गिफ्ट हॅम्पर सुरू केले. वेताची नाजूक टोपली, तळाशी रंगीत कागदाच्या झिरमिळ्या, जवसाच्या चटणीची एवढीशी बरणी, अंबाडीचं सरबत, संत्रा बर्फी, आणि वरून चकचकीत पारदर्शक कागद अन् रिबीन. दिवाळीत वर्ध्याचे डॉक्टर काय, बँकेचे साहेब काय, सगळे तिच्या दारात.

"खायचं मूठभर अन् नखरा टोपलीभर," मंदाबाई भाजी निवडत म्हणायच्या. म्हणायच्या खऱ्या, पण शालूच्या फाटकाशी गाडी थांबली की त्यांचा हात थांबायचा. चटणी शिकवली आपण आणि नाव झालं तिचं, हे त्यांना आतून खात होतं.

"सोड ना, घरातलीच हाय ते," वासुदेवराव बायकोला म्हणायचे. घरातली होती हेच तर दुखणं होतं! परक्या बाईवर निदान उघड जळता येतं.

आणि मग त्यांच्याच काजलचं लग्न ठरलं, आष्टीला. मंदाबाई टोपल्या धुऊन उन्हात वाळवत होत्या, तर लेक म्हणाली, "आई, शिदोरी काकू भरन."

"काऊन? माह्या हाताले काय झालं?"

"तसं नाई वो. तुह्या टोपल्या जुन्या वाटते. तिकडचे लोक फोटो काढते."

वाळत घातलेल्या टोपल्या मंदाबाईंनी पुन्हा माळ्यावर फेकल्या. त्या दिवसापासून शालू गोड बोलली तरी त्यांना ती मिरवते आहे असंच वाटे.

लग्नाच्या सकाळी त्या ओटीचं ताट आणायला शालूकडे गेल्या. शालू आत रिबीन शोधत होती. बाहेरच्या खोलीत शिदोरी भरून तयार होती, आणि देखणी होती. इतकी देखणी, की मंदाबाई जवळ गेल्या. त्यांनी सहज टोपलीला हात लावला. टोपली कोमट लागली.

ओल्या नारळाच्या करंज्या नुकत्याच कढईतून निघालेल्या, आणि वरून कागदानं हवाबंद! फडक्यातून वाफ निघून जाते, या कागदातून कुठली जायला? करंजीला घाम सुटणार, सारण आंबणार. एक शब्द पुरला असता. तो ओठांवर आलाही होता. पण आतून शालूचं गुणगुणणं ऐकू आलं आणि मंदाबाईंनी ओठ मिटले. उघडू दे आष्टीत, दिसू दे रिबिनीची करामत. ताट उचलून त्या, शालूला हाकही न मारता, परत फिरल्या.

जळण्याच्या नादात त्या एक साधी गोष्ट विसरल्या. शिदोरी कोणीही भरो, सासरच्या बायकांसमोर ती आईच्या हातची म्हणूनच उघडतात.

दुसऱ्या दिवशी काजलचा फोन आला तो रडतच. कागदाला आतून पाणी सुटलं होतं, करंज्या लोळागोळा झाल्या होत्या, सारणाला वास येत होता. "आतेसासू सगळ्यायसमोर म्हणे, मायनं पोरीले हेच शिकवलं का?"

"मंग तू काय म्हटलं?"

"काय म्हणू? शिदोरी तर आईचीच राह्यते."

जे नाव त्या आयुष्यभर मिरवत आल्या, ते आष्टीत एका दुपारी धुळीला मिळालं होतं.

शालूला कळलं तशी ती धावत आली. मंदाबाईंचाच फोन घेऊन तिनं विहीणबाईंना लावला. "शिदोरी म्या भरली होती जी. चूक माही हाय. ताईले बोल लावू नका." पलीकडून विहीणबाईंचा आवाज मंदाबाईंना स्पष्ट ऐकू आला. "असं कबूल कराले मन मोठं लागते वो बाई. काजलले काकू चांगली भेटली."

मंदाबाईंच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. नासवलं तरी कौतुक हिचंच!

फोन ठेवून शालू त्यांच्या पायाशी बसली आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "ताई, म्या उगाच हट्टानं एकटीनं भरली. तुमी एक डाव हात लावला असता, तर तुमाले लगेच समजलं असतं."

"हो," मंदाबाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "समजलं असतं."