माझं न गेलेलं वर्ष

माझी बहीण मनीषा माझ्याहून एका वर्षानं लहान आहे, आणि एमसीएचं दुसरं वर्ष आम्ही दोघांनी एकाच साली, एकाच वर्गात केलं. यात माझं एकही वर्ष वाया गेलेलं नाही. हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा बोललो, तितक्या वेळा स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नसेल!

सुरुवात मीच केली. मी बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं होतं (मित्रानं घेतलं म्हणून) आणि मग औरंगाबादला तीन वर्षांच्या एमसीएला लागलो होतो. पहिलं वर्ष फर्स्ट क्लासात पास होऊन सुट्टीत वडीगोद्रीला आलो, तेव्हा छाती अशी फुगलेली की सदऱ्याचं वरचं बटण लागत नव्हतं. मनी त्याच उन्हाळ्यात जालन्याहून कॉम्प्युटरची बी.एस्सी. झाली होती. तिलाही एमसीए करायचं होतं. पण माय तीन वर्षांचं नाव काढू देईना.

"तीन वर्षं? मंग पोरीचं लगीन कव्हा करायचं?"

तेव्हा मी, घरातला एकमेव जाणकार, जेवता जेवता बोलून गेलो, "आता नवीन नियम निघालाय. ज्यांची डिग्रीच कॉम्प्युटरची आहे, त्यांना पहिलं वर्ष करावंच लागत नाही. थेट दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षांत खेळ खलास."

मनीचा घास हातातच राहिला. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ताट बाजूला सारलं.

"दोनच वर्षं? अन् रामेश्वर तिथंच हाय? मंग बराबर हाय की! सोबत बी झाली अन् खर्चा बी कमी."

मी खूश झालो. बहिणीचं भलं केलं, असं वाटलं. आपण नेमकं काय केलं हे मला कळलं कॉलेज उघडल्यावर. पहिल्याच दिवशी सरांनी हजेरी घेतली. लागोपाठ दोन नावं आली, आडनाव एक, बापाचं नाव एक! सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"जुळे का रे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मनी उभी राहिली. "नाही सर, दादा मोठा आहे. माझ्यासाठी थांबलाय."

अख्खा वर्ग हसला. वर्गातल्या बहुतेकांनी पहिलं वर्ष माझ्यासोबत केलेलं, मी पास झालेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. तरी एकही माईचा लाल माझ्या बाजूनं बोलला नाही! सर तर इतक्या मायेनं "बस, बस बाळा," म्हणाले की मला खरोखरच नापास झाल्यासारखं वाटायला लागलं.

वर्गातलं वर्गात राहिलं असतं. पण आम्ही दिवाळीला गावी आलो. एस्टीतून उतरलो तर समोरच हॉटेलवाले दगडूमामा भजी तळत उभे.

"काय रामेश्वर, कितवीला हाय आता?"

"दुसऱ्या वर्षाला, मामा."

"अन् मने, तू?"

"मी बी दुसऱ्याच," मनी म्हणाली. आणि पुढे एक अक्षर बोलली नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती हायवेवरचे ट्रक पाहत होती!

दगडूमामांचा झारा कढईत तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मनीकडे पाहिलं, आणि कागदात चार भजी जास्तीची टाकली. माझ्या कागदात. "खाय बाबा. मनाला लावून घेऊ नको."

मी नियम समजावून सांगायला लागलो. फिजिक्स वेगळं, कॉम्प्युटर वेगळं, थेट प्रवेश म्हणजे काय... मामा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. तशी मान मी आधी फक्त मयतीला गेलेल्या माणसांची हलताना पाहिली होती.

भजी संपायच्या आत बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी शहागडहून आत्या आली. जीपमधून उतरली ती पदर डोळ्याला लावूनच.

"लेकरा! कसं झालं रे असं?"

"आत्या, काही झालं न्हाई! मी पास हाय!"

"व्हय रे राजा, पासच हाय तू," आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "आमच्या शेजारचं पोरगं तर चारदा बसलं. आता ट्रकवर हाय. बिलकुल मजेत हाय!"

"माय, सांग ना हिला!"

माय स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्या काय सांगू? तुमचं ते कॉम्प्युटरचं मला काय कळतंय? दोघं एका वर्गात हायत, येवढं खरं." ही माझी साक्षीदार!

मनीला विनवलं. तिनं आत्याचा हात हातात घेतला, मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "आत्या, दादाचं वर्ष गेलं न्हाई. खरंच न्हाई गेलं. कोणी विचारलं तर असंच सांगायचं."

आत्यानं हंबरडा फोडला!

मग अण्णांनी ठरवलं की लोकांना नीट समजावून सांगायचं. अण्णांचं हायवेला पाइप आणि मोटारपंपाचं दुकान, आणि गावामागं मोसंबीची बाग. त्यांना जगातली कुठलीही गोष्ट मोसंबीत बसवता येते. दगडूमामांच्या हॉटेलात धा-पंधरा माणसं चहा पीत असताना अण्णा बाकावर बसून समजावू लागले. "हे बघा. बी लावलं तर फळाला उशीर लागतो का न्हाई? अन् कलम लावलं का जल्दी येतं. तसं मनी माझी कलम हाय. म्हणून ती जल्दी पोचली."

"अन् रामेश्वर?" कोणीतरी विचारलं.

अण्णांनी घटकाभर विचार केला. "ते बियाचं हाय."

त्यानंतर गावात मी जिथं जाईन तिथं, "काय, बी उगवलं का?"

मला हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्याच दिवसांत माझ्या लग्नाचं घाटत होतं. केदारखेड्याच्या गणपतरावांच्या संगीताचं स्थळ. मुलगी शिकलेली, माणसं चांगली, आणि (हे मी घरी बोललो नव्हतो) आत्याच्या नात्यातल्या एका लग्नात मी तिला पाहिलं होतं. वाढताना तिनं माझ्या पानात जिलेबी टाकली होती आणि मला गोड आवडत नसतानाही मी चार खाल्ल्या होत्या. तर त्या गणपतरावांच्या कानावर गेलं, पोराचं वर्ष गेलंय. झालं! त्यांचा फोन येणं बंद.

अण्णांनी स्वतः फोन लावला. दुकानातून, ओरडून. "पाव्हणं, पोराचं वर्ष गेलं न्हाई! पोरगी कलम हाय! हॅलो? न्हाई न्हाई, पोरगा बियाचा हाय!" तिकडून, "बरं, बघू," म्हणून फोन ठेवला गेला. अण्णांनी पुन्हा लावला, पुन्हा समजावलं. अण्णा जितकं समजावीत, तितकं तिकडं संशयाला खत पडत होतं.

मी हिंमत सोडली. दुकानात काउंटरवर बसून माशा मारत होतो. एक म्हातारेसे गृहस्थ आले, धोतर-टोपीवाले. पाइपाला जोडायचा दीड इंची एल्बो हातात घेऊन उलटसुलट पाहू लागले.

"अण्णाचा पोरगा तूच का? ते एमसीए का कायकी करून राह्यला तो?"

"हो."

"वर्ष गेल्तं म्हणं तुझं?"

त्या दिवसात हा सवाल विचारणारं हे कितवं गिऱ्हाईक होतं, देव जाणे! फिजिक्स, कॉम्प्युटर, कलम, बी, सगळं घशाशी आलं, आणि मला इतका कंटाळा आला, इतका कंटाळा आला, की मी म्हटलं, "हो. गेल्तं."

"कशात गेलं?"

"सगळ्यातच."

"पेपर अवघड व्हते?"

"न्हाई हो. मीच अभ्यास केला न्हाई. उंडारलो नुसता."

"अन् आता?"

"आता बहीण शेजारी बसून असते. काय हिंमत हाय न करायची!"

गृहस्थांनी एल्बो खाली ठेवला, काही न घेता निघून गेले. मला इतकं हलकं वाटलं की मी दगडूमामांकडं जाऊन भजी खाल्ली आणि त्यांनाही सांगून टाकलं, "मामा, गेल्तं वर्ष." मामांनी मला कडकडून मिठी मारली!

दुसऱ्या दिवशी अण्णा फोन ठेवून धावतच घरात आले. "जमलं! केदारखेड्याचं जमलं! गणपतराव स्वतः दुकानात येऊन पोरगा बघून गेले म्हणं. म्हणले, घरचे समदे लपवून राह्यले. पण पोरगा एकदम खरा निघाला. असा खरं बोलणारा जावई शोधून भेटायचा न्हाई! आरं, तू त्यायला सांगितलं तरी काय?"

मी मनीकडे पाहिलं. तिनं तोंडात पदर, म्हणजे ओढणी, कोंबली होती.

यथावकाश मनी आणि मी एकाच दिवशी एमसीए झालो (ती माझ्या पुढे कितीतरी मार्कांनी, ते राहू द्या). लग्नही झालं. संगीताला मी पहिल्याच आठवड्यात सगळं सांगितलं; ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "बाबांना तुम्हीच सांगा." धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणून केदारखेड्याला गेलो, तेव्हा जेवणं झाल्यावर मी धीर केला.

"मामा, एक सांगायचं होतं. माझं वर्ष कधी गेलंच नव्हतं. मी फर्स्ट क्लासात पास होतो."

गणपतरावांचा चेहरा उतरला. त्यांनी दार लोटून घेतलं, माझ्याजवळ सरकून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, तुमच्या खरेपणावर पोरगी दिली म्या. आता लगीन झाल्यावर कशाला खोटं बोलून राह्यले?"

मी त्यांचे पाय धरले, चूक कबूल केली, आणि पुन्हा एकदा नापास झालो.